एच रांगेतले सात मालक

पद्माकर खांबेटे नव्या माणसाला स्वतःची ओळख अशी करून देत असे : "मी पाच वर्षं एका फुटबॉल स्टेडियमचा मालक होतो. फक्त स्टेडियमच्या मालकाला ते माहीत नव्हतं." समोरचा हसला की तो खूश व्हायचा. नाही हसला, तर पुढची सगळी कथा ऐकवायचा, आणि त्या कथेतला गाढव कोण हे शेवटपर्यंत लपवून ठेवत नसे.

पद्माकर लंडनमध्ये, एजवेअरला, एका सॉलिसिटरच्या ऑफिसात कारकून होता. काम एकच : घरं विकत घेणाऱ्यांची कागदपत्रं तपासायची. जमीन कुणाच्या नावावर आहे, भिंत कुणाची, गल्लीतून जायचा हक्क कुणाला, शेजाऱ्याचं झाड कुठवर. सत्तरच्या दशकापासून एजवेअर, स्टॅनमोर, हॅरो या पट्ट्यात ज्या मराठी माणसाने घर घेतलं, त्याने आधी पद्माकरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद आणून ठेवले. तो एक पैसा घ्यायचा नाही. मात्र तीन तास बोलायचा. प्रत्येक कलम समजावून सांगितल्याशिवाय तो माणसाला चहासुद्धा देत नसे. "पद्माकरने वाचलंय" एवढं म्हटलं की तिथल्या मराठी मंडळात पुढचा प्रश्न कुणी विचारत नसे. गाडी नीट चालवता येत नाही, गळा बेसूर, गणपतीच्या नाटकात कायम पोलिसाची भूमिका, अशा माणसाकडे एवढीच काय ती इस्टेट होती आणि तो तिला जिवापाड जपायचा.

हे वेड वडिलांकडून आलेलं. ठाण्यातल्या त्यांच्या सोसायटीला बिल्डरने बावीस वर्षं जमीन नावावर करून दिली नव्हती. वडील सोसायटीचे सेक्रेटरी. ते पत्रं लिहीत राहिले आणि पत्रं लिहिता लिहिताच गेले. लंडनला निघालेल्या मुलाला त्यांनी उपदेश केला तोही तोच : "इमारत कुणीही बांधो. खाली जमीन कुणाची, ते आधी बघ." पद्माकरने हे वाक्य निदान दोनशे कुटुंबांना ऐकवलं असेल. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण आपल्यासाठीच कुणीतरी आधी करून ठेवली होती, असं तो नंतर म्हणायचा.

फुटबॉलचं त्याला काडीचं प्रेम नव्हतं. प्रेम होतं ते मंजिरीला, त्याच्या एकुलत्या एका मुलीला. नऊ वर्षांची असताना ती शाळेतल्या मैत्रिणीबरोबर वेक्स्ली टाउनची मॅच बघून आली आणि बिघडली. वेक्स्ली टाउन म्हणजे चौथ्या डिव्हिजनमधला, तळाला चिकटून बसलेला संघ. मिल लेनवरचं त्यांचं ग्राउंड बसने वीस मिनिटांवर. पोरीला एकटी कशी सोडायची म्हणून पद्माकर मनाविरुद्ध जाऊ लागला.

आणि तिथे एक नवल घडलं. घरी मंजिरी मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर द्यायची, तेही जिन्यावरून. मिल लेनच्या लाकडी स्टँडमध्ये मात्र आजूबाजूला सगळे गोरे, आणि रेफरीला शिव्या तर द्यायच्याच होत्या. तेव्हा एका शनिवारी ती हळूच म्हणाली, "बाबा, हा माणूस आंधळी आहे का?" पद्माकरने तिला सांगितलं की आंधळा म्हणायचं, आणि पुढे मेल्या, करंट्या, बैलोबा असे चार शब्द आणखी दिले. पुढच्या मॅचपर्यंत तिने ते पाठ केले. त्या दिवसापासून दर पंधरवड्याला दोन तास बाप-लेक मराठीत बोलू लागले. पद्माकरला गोल कुणी मारला ते बऱ्याचदा कळायचं नाही. तो शनिवारची वाट मात्र आठवडाभर बघायचा.

१९९१च्या वसंतात कौन्सिलने तो लाकडी स्टँड धोकादायक ठरवला. ब्रॅडफर्डला भर मॅचमध्ये स्टँड पेटून माणसं जळाली होती, तेव्हापासून लाकडी स्टँडची सगळ्यांनाच धास्ती होती. नवा काँक्रीटचा बांधा, नाहीतर मॅच बंद. क्लबपाशी दमडी नव्हती. तेव्हा चेअरमन प्रेन्टिस यांनी योजना काढली : प्रेक्षकांनीच पैसे घालायचे. तीनशे पौंड भरा आणि 'फाउंडर्स सीट' घ्या. खुर्ची कायमची तुमची, तिच्या पाठीवर तुमच्या नावाची पितळी पाटी. माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, 'मिल लेनचा एक तुकडा तुमचा.'

पद्माकर मंजिरीला घेऊन क्लबच्या ऑफिसात गेला. हिरव्या कागदावरचा चार पानी करार, बारीक टाइप. तेरा वर्षांची मंजिरी शेजारी उभी, चेहरा असा की जणू बक्षिसासाठी तिचंच नाव पुकारलं जाणार आहे. "बाबा, लवकर सही कर ना, somebody else will get them!" पद्माकरने खिशातला चष्मा बाहेर काढला नाही, पान उलटलं नाही, सही ठोकली. दोन खुर्च्या. बसमध्ये बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की आयुष्यात पहिल्यांदा आपण न वाचता सही केली. घरी गेल्यावर वाचू, असं त्याने ठरवलं. घरी गेल्यावर तो कागद त्याने पासपोर्टांच्या खाली ठेवला आणि कपाट लावून घेतलं. आत काही निघालं तर काय, ही भीती त्याला आतून वाटत होती, म्हणूनच तो पुन्हा त्या कपाटाकडे फिरकला नाही.

इथवर मूर्खपणा खासगी होता. पुढे क्लबने कळवलं की सात जण एकत्र आले तर एच रांगेत सलग जागा मिळतील. पद्माकरच्या अंगात सोसायटीचा सेक्रेटरी संचारला. मंडळाच्या पाडव्याच्या जेवणात, वीस माणसांदेखत, त्याने योजना मांडली. स्टॅनमोरचा हरीश, त्याचा जुना मित्र, श्रीखंडाची वाटी हातात धरून म्हणाला, "पद्या, सगळं ठीक आहे, but what's the catch? कागद वाचलास ना?"

"वाचलाय," पद्माकर म्हणाला. "ओळन् ओळ."

वीस माणसांसमोर दुसरं काय म्हणणार होता? हरीश आणि त्याची बायको रेखा यांनी दोन खुर्च्या घेतल्या. मोहन आणि उदय या भावांनी दोन. सातवी घेतली सुभाष ओव्हाळने. सुभाष ब्रॅकनेलला एका कंप्युटर कंपनीत इंजिनियर, रोज ट्रेनने दीड तास जाणारा, मंडळात फार न बोलणारा. कराराची एक प्रत मागून घेऊन तो गेला आणि आठवड्याने चेक पाठवून दिला.

पाट्यांवर क्लब फक्त इंग्रजी अक्षरं कोरून देणार होता. ते पद्माकरला कसं चालेल? त्याने वेम्बलीच्या ईलिंग रोडवरच्या भांड्यांच्या दुकानातून सात पितळी पाट्या स्वतः विकत घेतल्या. तिथला म्हातारा स्टीलच्या डब्यांवर घुर्रर्र करून नावं घालायचा, त्याने या पाट्यांवरही घातली. सुभाषने आईचं नाव दिलं, 'रंभाबाई ओव्हाळ'. पद्माकरच्या खुर्चीवर आलं : 'कै. मधुमती खांबेटे यांच्या स्मरणार्थ'. मधुमतीबाई हयातभर चेंडूच्या खेळाला उंडगेपणा म्हणत आल्या होत्या. आता दर शनिवारी मुलगा त्यांच्या नावाला पाठ टेकून बसू लागला. पुढच्या रांगेतल्या रॉन नावाच्या म्हाताऱ्याने त्या अक्षरांचा अर्थ विचारून घेतला आणि तेव्हापासून बसण्याआधी तो त्या पाटीला टोपी काढून नमस्कार करायचा.

मालकी अंगात भिनायला वेळ लागत नाही. पद्माकरने 'एच रांग मालक संघ' काढला, मध्यंतरात इतिवृत्त लिहिलं, आणि छपराखालच्या कबुतरांविषयी क्लबला पत्रं धाडली. पत्रांत 'एक सहमालक या नात्याने' असे शब्द असत. खाली सातही जणांच्या सह्या. क्लबकडून दर वेळी एकच उत्तर यायचं, आपल्या पाठिंब्याबद्दल आभार. कबुतरं मात्र होती तिथेच राहिली.

१९९६च्या जानेवारीत स्थानिक पेपरात बातमी आली. मिल लेन विकलं गेलं. तिथे सुपरमार्केट होणार. वेक्स्ली टाउन पुढच्या सीझनपासून दहा मैलांवरच्या दुसऱ्या क्लबच्या ग्राउंडवर भाड्याने खेळणार.

पद्माकर दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेला आणि जे पाच वर्षांपूर्वी करायचं ते त्याने तेव्हा केलं. मिल लेनच्या जमिनीची सरकारी नोंद मागवली. डिसेंबर नव्वदपासून लँड रजिस्ट्री कुणालाही फुटकळ फी भरून बघता येत होती, आणि ही गोष्ट तो गिऱ्हाइकांना स्वतः सांगत असे. नोंद आली. जमिनीची मालक प्रेन्टिस यांच्या कुटुंबाची कंपनी, १९८६पासून. क्लब निव्वळ दहा वर्षांचा भाडेकरू, मुदत मे ९६. प्रेक्षकांनी पदरमोड करून दुसऱ्याच्या जमिनीवर स्टँड बांधून दिला होता, आणि तो आता पाडला जाणार होता. यात बेकायदा काही नव्हतं. मग त्याने कपाटातून तो हिरवा करार काढला. कलम अकरा : क्लब तिथे खेळतो तोवर त्या खुर्चीवर बसता येईल, जमिनीत वा इमारतीत कसलाही हक्क नाही. भाषा इतकी सोपी की त्याला रडू आलं. फसवणुकीचासुद्धा आधार राहिला नाही.

पैसे गेल्याचं दुःख होतं, पण ते कुणालाही झालं असतं. त्याला खात होतं ते निराळंच. ज्या एका शब्दावर चार लोक त्याला मान देत होते, तो त्याने खोटा दिला होता. "वाचलाय" हे खोटं ठरलं की मागचं सगळं वाचलेलंही खोटं ठरणार. दोनशे घरं मनात डोलू लागली.

"अहो, सांगून टाका," त्याची बायको आशा म्हणाली. "फार तर काय होईल, लोक कागद घेऊन यायचे बंद होतील. माझं टेबल तरी रिकामं होईल."

त्याला तीन आठवडे लागले. शेवटी एका रविवारी दुपारी त्याने संघाची सभा घरी बोलावली. आशाने बटाटेवडे केले. पद्माकरने विषयपत्रिका टाइप केली होती. विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त मंजूर करणे. ते अर्धं वाचून त्याने कागद खाली ठेवला.

"मी तो करार वाचलाच नव्हता," तो म्हणाला. "त्या दिवशी हरीशला मी खोटं सांगितलं. तुम्ही माझ्या शब्दावर पैसे घातलेत."

 हरीशने वडा तोडला. मग सुभाष म्हणाला, "I know."

"काय नो?"

"मी वाचला होता. ब्रॅकनेलच्या ट्रेनमध्ये. Clause eleven. आमच्या आजोबांचा अंगठा घेऊन सावकाराने जमीन नेली, पद्माकर. आमच्या घरात न वाचता सही करत नाहीत. मी त्याच संध्याकाळी हरीशला फोन केला."

"आणि हरीशने आम्हाला," उदय म्हणाला.

पद्माकर सगळ्यांकडे बघत राहिला. "म्हणजे मी वाचला नाही, हे तुम्हाला..."

"अरे, तू 'वाचलाय' म्हणून दोन शब्दांत गप्प बसलास," हरीश म्हणाला. "तू खरंच वाचला असतास तर तीन तास बोलला असतास. श्रीखंड आंबलं असतं."

"मग पैसे कशाला भरलेत, बावळटांनो?"

"वर्गणी म्हणून. गणपतीला देतो तशी. वर्गणी परत मागतं का कोणी?"

"इतक्या वर्षांत तुम्ही आमच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं," रेखा म्हणाली. "पहिल्यांदा मागितलंत. आणि मंजिरी किती खूश होती."

पद्माकरला आधी राग आला. पाच वर्षं कबुतरांच्या पत्रांवर 'सहमालक' म्हणून सह्या करताना ही माणसं मनात काय म्हणत होती? त्याने तसं विचारलंही. "फार मजा यायची," मोहन प्रामाणिकपणे म्हणाला. मग पद्माकरलाच हसू फुटलं, आणि हसता हसता चष्मा पुसावा लागला.

मंजिरी आता अठरा वर्षांची होती. ती दारात उभी राहून सगळं ऐकत होती. "बाबा, पण तू का नाही वाचला? You read the back of cereal boxes!"

पद्माकर तिच्याशी असं कधी बोलला नव्हता, पण लाज आधीच निघून गेली होती. "वाचला असता तर सही करता आली नसती," तो म्हणाला. "आणि तू माझ्याशी मराठीत फक्त तिथेच बोलायचीस."

 मंजिरीने जाऊन बापाच्या ताटलीतला वडा उचलला आणि त्याच्या खुर्चीच्या हातावर बसली.

मे महिन्यातल्या शेवटच्या मॅचनंतर लोकांनी आठवण म्हणून गवत उपटलं, खुर्च्या उखडल्या. पद्माकरने खुर्चीला हात लावला नाही, ती त्याची नव्हती. स्क्रूड्रायव्हरने तो फक्त आईच्या नावाची पाटी काढत होता. "Company property, sir," गर्दीवर लक्ष ठेवणाऱ्या एका स्टुअर्डने हटकलं. पद्माकरने खिशातून ईलिंग रोडच्या भांड्यांच्या दुकानाची पावती काढली. नाव, तारीख, सात पाट्या, रोख. स्टुअर्डने ती दोनदा वाचली आणि सलाम ठोकून निघून गेला. पाच वर्षांत मालकीचा एवढा एक कागद पद्माकरपाशी निघाला.

ऑगस्टमध्ये ते दोघं दहा मैलांवरच्या त्या परक्या ग्राउंडवर गेले. खुर्च्या नव्हत्या, उभं राहायचं होतं. पाटी कोटाच्या खिशात होती. गेटवर पद्माकरने तिकिटं घेतली, त्यातलं एक उलटं केलं, आणि मागे बारीक टाइपात बारा अटी छापलेल्या बघून चष्मा नाकावर सारखा केला. पहिली अट त्याने अर्धी वाचली असेल.

"बाबा, चल ना!" मंजिरी आतून ओरडली. "तो बैलोबा आलाय, तोच रेफरी!"

पद्माकरने तिकीट न वाचता खिशात टाकलं आणि धावत सुटला.