आधी पाहा, मग न्या

डोणगावच्या आठवडी बाजारामागे माझा सिनेमाचा तंबू होता, त्या काळात एका चालत्या सिनेमाची खरी किंमत होती तीन पडेल सिनेमे. भाडं वेगळं. मोठ्या शहरातल्या वितरकाकडून गर्दी खेचणारा एक सिनेमा हवा, तर त्याच्या शेपटीला बांधलेले असे तीन न्यावेच लागत, की ज्यांच्यासमोर कुत्रंही दोन मिनिटं उभं राहणार नाही. ते लावता लावता हंगाम सरे आणि ‘याचा तंबू म्हणजे गार सावलीत झोपायची सोय’ असं गावात होई. तंबूआधी मी सायकल रिक्षावर भोंगा बांधून जाहिराती पुकारत असे. लोक पाठीमागे काय बोलतात ते टिपायला कान तयार होते. म्हणून ती झोपेची गोष्ट मला फार लागली.

वैतागून खामगाव गाठलं. तिथे कापसाच्या एका अडत दुकानाच्या माडीवर एक बाई सिनेमे देतात आणि सोबत ओझं बांधत नाहीत, असं ऐकलं होतं. पाटीवर ज्वारीचं कणीस काढलेलं, खाली ‘कणीस पिक्चर्स’. आत मालतीताई गावंडे बसल्या होत्या. मी भिंतीवरच्या एका पोस्टरकडे बोट केलं.

“हा द्या.”

“पाह्यला का?”

“पोस्टर पाह्यलं नं.”

“फोटो पाहून पोरगी देता का हो तुम्ही? उद्या सकाळी टॉकीजले या. आधी पाहा, मंग न्या.”

हाच कणीसचा कायदा. टॉकीजवाल्याने ताईंच्या शेजारी बसून सिनेमा पहिल्या रिळापासून शेवटापर्यंत पाहायचा, मगच बोलणी. न पाहता त्या कुणाला देत नसत आणि स्वतः न पाहता निर्मात्याकडून घेत नसत. दुसऱ्या दिवशी सिनेमा संपल्यावर मी म्हणालो, “पिक्चर झकास आहे, पन चौथ्या रिळात आवाज विहिरीतून आल्यासारखा येते.” ताईंनी ते रीळ पुन्हा लावायला सांगितलं, डोळे मिटून ऐकलं आणि अख्खी प्रिंट निर्मात्याला परत पाठवली. बदली येईपर्यंत मला दुसरा सिनेमा दिला, तोही दाखवून. तिथून आमचं जे जमलं ते आजपर्यंत.

हा कायदा ताईंनी घरातूनच उचलला होता. गावंडे मंडळी पिढीजात कापसाचे अडते. सून सिनेमाच्या पेट्या वाहते म्हणून सोयऱ्यांत कुजबुज होती. सासरे एकदा माझ्यादेखत म्हणाले, “सूनबाई, हा काय धंदा हाय? चार लोक हासून राह्यले.” ताईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि विचारलं, “मामंजी, कापूस हातात घेऊन तंतू ओढल्याबिगर तुम्ही भाव सांगता का? मी पिक्चरचं तेच करून राह्यली. हासू द्या त्यायले.” सासऱ्यांनी अडकित्ता उघडला आणि सुपारीत लक्ष घातलं. पुढे अडतीची माडी कायमची कणीसची झाली, ती त्यांच्याच शब्दाने.

खरी झुंज पुढे होती. ताईंचे मराठी सिनेमे गावोगाव चालू लागल्यावर एका बड्या वितरकाने निरोप फिरवला, की जो कणीसचा सिनेमा लावील त्याला दिवाळीत आमचा मिळणार नाही. दिवाळी म्हणजे तंबूवाल्याचं वर्षाचं पीक. आम्ही सगळे तोंडं पाडून माडीवर जमलो. ताई म्हणाल्या, “ज्याले जायचं त्यानं जावं. मी रागावनार नाही अन् थांबनारही नाही.” कुणी हलेना. तेवढ्यात पिंपळगाव राजाचे तंबूवाले रहेमानभाई उठले. “तो दिवाळीले नाही देत तं नोको देऊ म्हना. मी ईदले तुमचा लावतो, दिवाळीलेही तुमचाच लावतो. पाहू कोनाचा तंबू खाली राह्यते.” त्या दिवाळीत आमच्या कुणाचाच तंबू ओसंडला नाही, पण कुणी गेलंही नाही. पुढच्या हंगामात वितरकाची अट आपोआप मुकी झाली.

ताईंच्या मायेबद्दल एकच सांगतो. एका उन्हाळ्यात वावटळीने माझा तंबू उभा फाडला. निरोप पोचताच ताई एस.टी.ने डोणगावला आल्या. पिशवीत दाभण आणि सुतळीचा गुंडा. माझ्या बायकोसमोर मातीत बसून त्या तंबूचं किंतान शिवू लागल्या आणि मला म्हणाल्या, “पाह्यता काय? दोर धरा!” ती शिवण पुढे तंबू विकला तेव्हाही शाबूत होती.

मग व्हिडिओ आला, टीव्ही आला, रिळं गेली, टॉकीजांची गोदामं झाली. मी डोणगावात मंगल कार्यालय काढलं. मेहकरात एका पडद्याचं लहानसं थिएटरही चालवतो. ताईंनी कणीसची पाटी उतरवली नाही. शाळेत, कार्यालयात, जिथे भिंत मिळेल तिथे सिनेमा नेला. गेल्या वर्षी मुंबईच्या एका बड्या कंपनीचा साहेब आला. कणीसचं नाव आणि हाती असलेले सगळे हक्क त्यांना हवे होते. साहेब म्हणजे पोरगाच, पण सालस होता, देकारही चांगला होता. मीच म्हणालो, “ताई, देऊन टाका. किती दिवस ओढसान?”

ताईंनी साहेबाला विचारलं, “यातले पाह्यले किती?”

“यादी पाहिली आहे, मॅडम.”

“मंग आधी पाहा.”

माझ्याच कार्यालयात, गावकऱ्यांच्या मध्ये बसवून त्याला एक सिनेमा दाखवला. विहीर खणणाऱ्या दोन बहिणींचा, सगळा वऱ्हाडी बोलीतला. लोक हसले तिथे तो हसला, शेवटी चष्मा पुसला. म्हणाला, “फार सुंदर आहे.”

“कुठं लावसान हा?”

तो प्रामाणिक निघाला. “खरं सांगू, मॅडम? लावणार नाही. आमच्याकडे राहील फक्त.”

“मंग घेता काऊन?”

“दुसऱ्या कुणी घेऊ नये म्हणून.”

ताईंनी त्याला चहा दिला, मग कागद परत दिले. “बाबू, बियानं घ्याचं, पेरायचं नाही, अन् दुसऱ्यालेही पेरू द्याचं नाही. असं आमच्याकडे कोनी करत नाही. मायी कंपनी लहान आहे, पन पिक्चर दाखवते. तुयी मोठी आहे, ते लपवते.” माझ्याकडे वळून म्हणाल्या, “अन् तुम्ही मले विकाले निंगाले होते!”

मी तिथल्या तिथे बाजू बदलली. उठून सर्वांसमोर जाहीर केलं, की हाच सिनेमा येत्या शुक्रवारी मेहकरात माझ्या पडद्यावर लागेल आणि गर्दीने दार मोडलं नाही तर नाव बदलीन.

आज ताई पंचाहत्तरीत आहेत. गुडघे कुरकुरतात, पण माडीचा जिना त्या अजून स्वतः चढतात. त्यांचे डोळे असेच लख्ख राहोत, जिना असाच त्यांच्या पायाखाली राहो, आणि शंभराव्या वर्षीही एखाद्या साहेबाला ‘आधी पाहा’ म्हणून खुर्चीवर बसवण्याइतकं बळ त्यांच्या आवाजात असो, हीच आम्हा सर्वांची इच्छा.

मी जाहीर केलेल्या त्या शुक्रवारी ताई मेहकरला आल्या आणि सिनेमा ठरल्या वेळी सुरू झाला. दोनच रांगा भरल्या होत्या. दार शाबूत होतं.