दिवसाला सहा मिनिटं

पिरंगुटच्या कारखान्यात बिघडलेलं मशीन जालिंदरच्या हाताला लागलं की ते चालू व्हायचंच. गडी हुशार, पण हुशारीचा तोरा भारी. त्याची आई बानूबाई मुळशीतल्या वाडीवर एकटी राहायची. ती भाकरी घेऊन अंगणात आली की टिप्या कुत्रा तिच्या अंगावर झेपावायचा. एकदा त्यानं म्हातारीला पाडलंच. म्हणून जालिंदरनं कुत्र्याला खाऊ घालणारं मशीन घरीच बनवलं. तेलाचा रिकामा डबा, एक छोटी मोटर आणि वेळ सांभाळणारी चिप. सकाळ-संध्याकाळ साडेसातला झडप उघडायची आणि पत्र्याच्या ताटलीत कुत्र्याच्या खाण्याचे दाणे खडखडायचे.

चिपचं घड्याळ मात्र दिवसाला सहा मिनिटं मागं पडायचं. वेगळं घड्याळ जोडलं असतं तर काम झालं असतं. "सहा मिनिटांनी कुत्रं मरतंय व्हय?" म्हणत त्यानं ते टाळलं. दर रविवारी घरी आला की गुपचूप वेळ लावून टाकायचा. आईला चकार शब्द बोलला नाही. आपल्या हातच्या मशीनमधली खोट कोण कबूल करतो!

मग ओव्हरटाइममुळे सलग तीन रविवार हुकले. सकाळचे दाणे सरकत सरकत सव्वादहाला पडू लागले. चौथ्या रविवारी साडेनऊला तो घरी यायला बसमध्ये बसला होता, तेवढ्यात शेजारच्या कल्पनावहिनींचा फोन आला. आई चुलीपुढं चक्कर येऊन पडली होती.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ती पुन्हा चालेल असं वाटत नाही, दवाखान्यात डॉक्टर म्हणाले. रक्तातली साखर पार खाली गेली होती. रात्री साखरेच्या आजाराची गोळी घेऊन सकाळी इतका वेळ उपाशी का राहिल्या, असं त्यांनी विचारलं.

"दाणं वाजलं की गोळी घ्यायची, मगच भाकरी," खाटेवरून बानूबाई म्हणाली. "भूक लई लागायची रं. दिस पार वर यायचा. म्हटलं, पोराचं मशीन कशाला चुकंल? माजंच कायतरी बिघडलंया."

जालिंदरला स्वतःची लाज वाटली. जन्मभर मेंढरांमागं हिंडलेली ही बाई. तिला घड्याळ कधी लागलंच नव्हतं.

"आई, मशीन मागं पडत व्हतं. मला ठावं व्हतं."

बानूबाईनं मान त्याच्याकडं वळवली.

"मंग सांगायचंस की रं," ती म्हणाली. "मी सावली बघून खाल्लं असतं."