मोजणीआधी मोडलेली पडवी

खरवईतले आण्णा म्हणजे वेळेच्या आधीचे गृहस्थ. लग्नाला जातील तेव्हा मांडवाचे बांबू अजून टेम्पोतच असतील. दवाखान्यात पोचतील तेव्हा कंपाउंडर शटर वर करत असेल. अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत त्यांनी आयुष्यभर हेल्परचं काम केलं, पण एकदाही उशिरा गेले नाहीत. निवृत्तीला कंपनीने भिंतीवरचं घड्याळ दिलं, तेही त्यांनी थोडं पुढेच लावून ठेवलंय. माझी पिठाची चक्की त्यांच्या घरासमोर. त्यामुळे हा माणूस मी रोज बघतो आणि रोज थोडा चिडतो.

घर कौलारू, वडिलांच्या वेळचं. चहूबाजूंनी इमारती उठल्या तरी ते जागचं हललं नाही. पुढे रस्त्याला लागून पडवी. अर्धांगाच्या झटक्यात आण्णांच्या बायकोचा, वेणूबाईंचा, उजवा हात-पाय गेला आणि तेव्हापासून त्यांची खाट त्या पडवीतच. डाव्या हाताने भाजी निवडत त्या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाची हजेरी घ्यायच्या. "काय गो, परत भांडून आलीस का सासूशी?" "ए फटफटीवाल्या, डोक्यावरचा टोप कुठं हाय तुजा?" चक्कीच्या घरघरीवर त्यांचा आवाज चढायचा. माझ्याकडे तांदूळ घेऊन आलेल्या बायका दळण होईपर्यंत तिथे जाऊन बसायच्या, माझं बाकडं रिकामंच. मला राग यायचा आणि बरंही वाटायचं. बाई अंथरुणाला खिळली होती, पण घरात कोंडली गेली नव्हती.

मग नगरपालिकेची निवडणूक आली. मारुतीच्या देवळापुढे सभा झाली आणि उमेदवाराने माईक हातात घेऊन जाहीर केलं, की निवडून आलो तर पाचशे चौरस फुटांच्या आतल्या राहत्या घराला घरपट्टी माफ. भाड्याने दिलेलं घर नाही, पैसे गुंतवायला घेतलेलं नाही, मालक ज्यात स्वतः राहतो ते. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या गोंधळात आण्णा उभे राहिले.

"मोजताना पडवी धरतात का?"

उमेदवाराच्या गळ्यात तेव्हा हार पडत होता. त्याच्या कार्यकर्त्यानेच उत्तर दिलं, "छपराखालचं सगळं धरतात, आण्णा."

घरी येऊन आण्णांनी मुलाला, अक्षयला, टेपचं एक टोक धरायला लावलं. पडवी धरली तर घर पाचशेच्या वर जात होतं. सोडली तर आरामात आत.

"पडवी काढाची," आण्णा म्हणाले.

"बाबा, अजून इलेक्शन पण नाय झालं," अक्षय वैतागला. "पहले ऑर्डर तो आने दो. ये लोग बोलते हैं, करते थोडीच!"

"ऑर्डर आल्यावर सगलेच धावतील. मोजणीवाला कवा दारात उभा राहील, सांगता येतंय का? आपन तयार पायजे."

बेत साधा होता. पडवी उतरवायची, मोजणी करून घ्यायची, माफी पदरात पडली की त्याच वाशांची, त्याच कौलांची पडवी परत उभी करायची. मी रस्ता ओलांडून गेलो आणि म्हटलं, "आण्णा, डोकं ठिकाणावर आहे का?" ते हळूच म्हणाले, "पट्टी वाचली तर हिच्या गोल्यांचे पैसे सुटतील रे." मी परत येऊन चक्की चालू केली.

वेणूबाईंनी एवढंच विचारलं, "परत लावाल ना?"

"तुजी शप्पत."

आण्णांनी कौलं स्वतः उतरवली. कुठला वासा कुठे बसायचा, हे कळावं म्हणून प्रत्येकावर खडूने खुणा केल्या आणि सगळं घरामागे नीट रचून ठेवलं. खाट आतल्या खोलीत गेली, भिंतीलगत.

उमेदवार निवडून आला. विजयाची मिरवणूक घरासमोर नाचली, पडवीच्या उघड्या जोत्यावर गुलाल सांडला. त्यानंतर माफीचं नाव कोणी काढलं नाही. आण्णा कचेरी उघडायच्या आत तिथे जाऊन उभे राहायचे. कारकून त्यांना खुर्ची द्यायचा, पाणी विचारायचा आणि सांगायचा, "वरून काही आलेलं नाही, काका." माणूस चांगला होता. चांगल्या माणसाशी भांडताही येत नाही.

शेवटी आण्णांनी माफीचा नाद सोडला. सुतार बोलावला, जुने वासे पुढे आणले, दोन खांब उभे केले. दुपारी नगरपालिकेचा इंजिनियर मोटारसायकलवरून जाता जाता थांबला.

"काका, परवानगी?"

"पयली व्हती तीच पडवी हाय. वासेबी तेच हायेत, बगा."

"जुनी उभी होती तोवर कोणी बोट लावलं नसतं. घर जुनं म्हणून ती चालत होती. आता हे नवीन बांधकाम झालं आणि ते रस्त्याच्या हद्दीत येतं. परवानगी मिळायची नाही. एक खांब जरी रोवलात तरी मला तोडावा लागेल. नाईलाज आहे."

सुताराने खांब काढले. आण्णा त्या खड्ड्यांत पायाने माती लोटत राहिले. मला त्यांच्याकडे बघवेना.

आत वेणूबाई बोलायच्या थांबल्या. पहिले काही दिवस त्या आतून हाका मारत, पण रस्त्यावर कोणाला ऐकू जात नसे. बायका आता माझ्या बाकड्यावर बसू लागल्या आणि मोबाईल बघू लागल्या.

एप्रिलात घरपट्टीचं बिल आलं. त्यात पडवी होतीच. आण्णा धावत कचेरीत गेले. तोच चांगला कारकून म्हणाला, की अर्ज करा, पण मग फेरमोजणीत अख्ख्या घराला आजचा दर लागेल आणि पट्टी वाढेल. अक्षयने हात जोडले, "बाबा, आता काय पण करू नका. प्लीज." म्हणजे नसलेल्या पडवीची पट्टी भरणंच त्यातल्या त्यात स्वस्त होतं. मला हसू आलं आणि त्या हसण्याचीच चीड आली.

दुसऱ्या दिवशी मी दळण पोचवायला गेलो तेव्हा आण्णा बिल घेऊन निघाले होते. कचेरीतली पट्टी भरायची खिडकी उघडायच्या आधी, अर्थातच.

"कसला कागूद?" वेणूबाईंनी भिंतीकडे तोंड असतानाच विचारलं.

"घरपट्टी."

"पडवी हाय त्यात?"

आण्णांनी बिलावर पुन्हा नजर टाकली. "हाय."

"मंग मना पडवीत न्या."

आण्णांनी मला खाटेचं दुसरं टोक धरायला खुणावलं. मग त्यांनी बिल खिशात कोंबलं आणि आम्ही दोघांनी खाट उचलून उघड्या जोत्यावर ठेवली. ऊन मी म्हणत होतं. आण्णांनी आतून छत्री आणली, उघडली आणि वेणूबाईंच्या डोक्यावर धरून ते उशाशी उभे राहिले. रस्त्याने जाणारी एक बाई थबकली. "अगो वेणूमावशी! कुठं होतीस?" वेणूबाईंनी बोलायला तोंड उघडलं आणि त्या रडायलाच लागल्या.

त्या दिवशी घरपट्टीच्या खिडकीवर आण्णा पहिले नव्हते. ते गेलेच नाहीत. समोरचा रस्ता तापून निघाला तरी ते हात बदलत तिथेच उभे होते. छत्री एकीकडे कलायला लागलेली मला चक्कीतूनही दिसत होती. न राहवून मी एक बांबू घेऊन गेलो.

"आण्णा, हा इथे रोवू आणि छत्री याला बांधू. तुम्ही बसा."

त्यांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं.

"नको रे," ते म्हणाले. "खांब रोवला की बांधकाम व्हतं. मानूस उभा राह्यला तर नाय व्हत."