चोवीस तास हजर

शिंपीणबाईंचे धाकटे दीर चार दिवसांसाठी राहायला आले आणि पाचवा दिवस काही अजून उजाडला नाही. मधल्या काळात त्यांचे केस पांढरे झाले, एवढंच. वरच्या मजल्यावरची हवेशीर खोली त्यांना फार मानवली. ते काहीच करत नसत असं म्हणणं अन्यायाचं होईल. जेवायला ते स्वतःच्या पायांनी खाली येत. बाईंच्या यजमानांनी जन्मात कुणाला 'जा' म्हटलं नव्हतं. 'या'सुद्धा बाईच म्हणत.

पण बाईंचे डोळे अधू होत चालले. सुईत दोरा ओवायला शेजारणीला हाक मारावी लागे. शिवण सुटलं तर घर चालायचं कशावर? म्हणून वरची खोली प्रवाशांना रात्रीपुरती भाड्याने द्यायचं त्यांनी ठरवलं.

त्यासाठी नगरपालिकेचा परवाना लागे, आणि त्याचे नियम एकाहून एक सरस. दारावर पाटी हवी, पण ती रस्त्यावरून दिसता कामा नये. आगीसाठी वाळूची बादली हवी. आणि घरात चोवीस तास हजर असणारी एक जबाबदार व्यक्ती हवी. या शेवटच्या नियमापुढे गावातले सगळे अर्ज आडवे झाले होते. पोटामागे धावणारा माणूस चोवीस तास घरात बसणार कसा, हा प्रश्न नियम करणाऱ्यांना पडला नसावा. ते स्वतः कचेरीत चोवीस मिनिटंही सलग सापडत नसत.

निरीक्षक आले. वाळूत बोट घालून त्यांनी मान डोलावली. वर गेले, तर दीर पालथे झोपलेले.

"हे कोण?"

"पाहुणे," यजमान सवयीने म्हणाले.

"परवान्याआधीच पाहुणे? मग अर्ज बाद."

दीर ताडकन उठून बसले. "पाहुणा? मी? अहो, मी घरचा माणूस! विचारा वहिनींना!"

बाईंनी दिरांकडे असं पाहिलं, जसं गेल्या कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

"खरं आहे, साहेब. ऊन असो, पाऊस असो, भावोजी जागचे हलत नाहीत. तुमची जबाबदार व्यक्ती हीच. लिहा."

"जबाबदार?" यजमानांच्या तोंडून निसटलं. बाईंनी नुसतं वळून बघितलं, शंका मिटली.

निरीक्षकांनी दिरांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "नोकरी? धंदा? बाहेर कुठे जाणं-येणं?"

"छे हो!" दीर दुखावून म्हणाले. "मी कधीच कुठे..."

ते मधेच थांबले, पण शिक्का उमटून गेला होता.

संध्याकाळी दिरांची गादी जिन्याखाली आली. चादरी बदलणं, पाणी भरणं, बेल वाजली की दार उघडणं, सगळं त्यांच्याकडे आलं.

"वहिनी," त्यांनी क्षीण आवाजात विचारलं, "सुट्टी कधी असते हो?"

"चोवीस तासांत कुठे बसते का बघा," म्हणत बाईंनी उशीचा अभ्रा त्यांच्या हातात दिला. "आणि हा आधी उलटा करा, भावोजी. शिवण आतल्या बाजूला."