आमच्या पाड्याचा ओटीपी वीटभट्टीवर

पिठाची पाकिटं माझ्या कपाटात होती आणि ती जिची होती ती बाई दारात उभी होती. मध्ये अंतर दीड हाताचं, तरी मला ती देता येत नव्हती. इतक्या वर्षांच्या नोकरीत इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

मी अंगणवाडी सेविका. खोडाळ्याच्या बाजारातून तासभर चढून गेलं की आमचा पाडा लागतो. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांना महिन्याला पौष्टिक पिठाची पाकिटं द्यायची, हे माझ्या कामातलं एक काम. पूर्वी ते सोपं होतं. वहीत नाव, नावासमोर अंगठा, हातात पाकीट. मग फोनमध्ये ॲप आलं. आता बाईला आधी फोनसमोर उभं करून चेहरा दाखवायचा, मग तिच्या नंबरावर ओटीपी येणार, ते आकडे तिनं मला सांगायचे, मी ते टाकायचे, तेव्हा वाटप झालं म्हणायचं. चेहऱ्याचं एक वेळ जमायचं. घोडं पेंड खायचं ते ओटीपीपाशी.

कारण तिचा नंबर म्हणजे तिचा नव्हेच. आमच्याकडे घरात फोन एक, आणि तो नवऱ्याच्या खिशात. दिवाळी झाली की नवरे वीटभट्टीवर जातात, कोणी भिवंडीकडे, कोणी वसईकडे. फोनही जातो, कारण मुकादमाची हाक त्याच्यावर येते. नोंदणीच्या वेळी मी विचारलं, नंबर सांगा, बायांनी घरातला नंबर सांगितला. तेव्हा सगळे घरात होते, फोनही खुंटीला होता. पुढचा विचार त्यांनी केला नाही आणि मीही केला नाही. माझा नंबर घालून पाहिला तर ॲप म्हणालं, हा आधीच वापरात आहे. म्हणजे बाई पाड्यात, पाकीट कपाटात आणि ओटीपी भट्टीवर.

दारातली ती बाई टोकाच्या घरातली. पहिलंच बाळंतपण, तीन महिन्यांचं मूल काखेत, अंगावर मांस नाही. ओली बाळंतीण म्हणून नवऱ्यानं तिला मागे सासूकडे ठेवलेलं. दोन महिने तिचं पाकीट अडलं होतं. भट्टीवर फोन लावला तर कधी बंद. एकदा लागला, तर मी आकडे मागितल्याबरोबर त्यानं ठेवून दिला. त्याला कोणीतरी बजावलं होतं, हे आकडे मागणारे सगळे चोर.

"बाय, पाकिटं तर दिसतात," ती म्हणाली. "मग देत काय नाय?"

मी तिला ॲप समजावायला लागले. तिनं ऐकून घेतलं आणि बाळाला दुसऱ्या काखेत घेऊन निघून गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.

त्या दिवशी मी ठरवलं की हे वरपर्यंत न्यायचं. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही म्हणतात, मग सरकार कशाला पाजेल? आजूबाजूच्या पाड्यांतल्या आम्ही तिघी सेविका जमलो आणि निवेदन लिहिलं. लिहायला बसलं की हात थांबत नाही. कागदावर ओटीपी आला, मग रेंज धड नाही म्हणून टॉवर आला, टॉवर आला म्हणून रस्ता आला, मग नवीन मोबाइल, मानधन, गळकं छप्पर, हातपंप. पुऱ्या चौदा मागण्या झाल्या. अक्षर माझं, मला त्याचा अभिमान. मोखाड्याला जाऊन आमच्या भागातून पंचायत समितीवर निवडून आलेल्या सदस्या मॅडमना ते दिलं. बाई चांगली. आमच्यासारखीच डोंगरातली, बोलणं मोकळं. तिनं चहा पाजला, निवेदन हातात धरून आमच्याबरोबर फोटो काढला, "नक्की बघते" म्हणाली. आम्ही तिघी जीपमधून हसत परत आलो, जणू टॉवर मागच्या सीटवर बसवूनच आणला होता.

महिना गेला. काही नाही.

माझी मदतनीस माझ्याहून वयानं मोठी. खिचडी ती शिजवते आणि अक्कलही बरेचदा तीच पुरवते. मी तिच्यापुढे त्या मॅडमना शिव्या घालत होते. ती तांदूळ निवडत म्हणाली, "एका चुलीवर चौदा भांडी ठेवलीस. कढ कशाला येल?"

मला राग आला, म्हणजे तिचं बरोबर होतं. खरंच, चौदा मागण्या ऐकणाऱ्याला बरं पडतं. हातपंपाला नवीन दांडा बसवला तरी तो म्हणू शकतो, काम सुरू आहे. आणि टॉवर तर असा की कुणीच नाही म्हणत नाही आणि कुणीच आणत नाही. मी नवीन कागद घेतला आणि एकच मागणी लिहिली: ओटीपी येत नसेल तेव्हा बाईला वहीवर अंगठा आणि दोन साक्षीदार घेऊन पाकीट द्यायला लेखी परवानगी मिळावी. चार ओळी झाल्या. कागद रिकामा दिसायला लागला तसं मला कसंतरीच वाटलं, पण आवरलं.

आता दुसरा विचार केला तो मात्र माझाच होता, आणि त्यानं मला तोंडघशी पाडलं. मला वाटलं, निवडून आलेला माणूस डोकी मोजतो. डोकी आमच्या पाड्यात असतात शिमग्याला. होळीला भट्टीवरून सगळे घरी येतात, उसनवारी करून येतात पण येतात. आमच्या डोंगरातल्या गावांत पाड्याला आपली ग्रामसभा भरवता येते, तिच्या ठरावाला वजन असतं. तेव्हा होळीच्या दुसऱ्या दिवशी सभा बोलावली आणि मॅडमना आग्रहानं आणलं. हातच्या कांकणाला आरसा कशाला? त्यांच्या डोळ्यांसमोर करून दाखवू, ॲप कसं अडतं ते.

सभा अशी भरली म्हणता! बाया-पुरुष, पोरंटोरं, कालच्या नाचाचे पाय अजून दुखतायत, कुणाच्या केसांत अजून रंग. मी टोकाच्या घरातल्या त्या बाईला पुढे बोलावलं. मोठ्या आवाजात सांगितलं, "मॅडम, आता बघा हं." तिचा चेहरा फोननं घेतला. मी थांबले. आणि मागे गर्दीतून टिंग वाजलं.

नवरा तिथंच उभा होता ना, खिशात फोन घेऊन! त्यानं आकडे खणखणीत वाचून दाखवले. एरवी मला चोर समजणारा माणूस, पण आज मी त्याच्या डोळ्यांसमोर उभी. वाटप झालं. दुसरी बाई बोलावली, टिंग. तिसरी, टिंग. ज्या दिवशी पाड्यात माणसं, त्या दिवशी फोनही पाड्यात, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. एवढी शाळा शिकलेली मी, आणि पाड्याचं साधं येणंजाणं विसरले.

"चालतंय की हो छान," मॅडम म्हणाल्या. त्यांनी टोमणा मारला नव्हता, त्यांना खरंच आनंद झाला होता. तेच जास्त झोंबलं. कागदावरच्या ठरावाला लोकांनी अंगठे दिले, सह्या केल्या, पण सणातल्या जेवणाला हो म्हणावं तसे. मॅडमची गाडी गेली. त्या बाईला एका महिन्याची पाकिटं मिळाली, एवढंच पदरात. आठवड्यानं नवरे परत भट्टीवर जाणार होते, पावसाच्या तोंडापर्यंत.

तिसऱ्या दिवशी मदतनीस म्हणाली, "सणाला कुणाच्याबी घरात भाकर असते. पाव्हण्याला सण सोडून बोलाव."

मी परत मोखाड्याला गेले, या वेळी एकटी, आणि मॅडमच्या घरी. निवेदन नाही, फोटो नाही. सरळ सांगितलं, "माझी चूक झाली. मी तुम्हाला चुकीच्या दिवशी आणलं. आता बोलावण्याची वाट न बघता या. हार नाही मिळणार, माणसं नाही मिळणार, सहा बाया मिळतील." त्या हसल्या. म्हणाल्या, "अशी आमंत्रणं देतात का कोणी?" पण आल्या. एप्रिलातल्या एका बुधवारी, उन्हाचा कडाका, पाडा सगळा ओस, आणि मॅडम घाम पुसत अंगणवाडीच्या पायरीवर. मला त्या बाईबद्दल जो आदर आहे तो त्या दिवसापासूनचा.

सहा बाया सतरंजीवर बसलेल्या. टोकाच्या घरातलीचा नंबर पहिला. चेहरा झाला. ओटीपी गेला भिवंडीला. भट्टीवरचा फोन बंद. पाच मिनिटांनी आकड्यांची मुदत संपली, परत पाठवले, परत संपली. दुसरीचा नवरा फोन उचलेना. तिसरीच्या नवऱ्याच्या फोनमधला रिचार्ज संपलेला. मॅडमनी कोरा चहा घेतला, परत मागितला. अर्धा-पाऊण तास झाला. सहातल्या एकीचंही झालं नाही. बायांना हे रोजचं. मॅडमच अस्वस्थ झाल्या.

"नवऱ्याला सांगून ठेवायचं ना, फोन चालू ठेव म्हणून," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "मॅडम, तुमचाच आधार नंबर टाकून बघू या का? नोंद पुढे पाठवत नाही, आकडे येतात का तेवढं बघू." हे मी आधी ठरवलं नव्हतं, खरंच नाही. उन्हानं आणि रागानं तोंडातून गेलं.

आधार नंबर त्यांना पाठ होता. मी टाकला. सगळ्या बायांनी मान वर केली. मॅडमच्या हातातला फोन मुका. त्यांनी तो उलटा केला, सुलटा केला. मग हळूच म्हणाल्या, "आधारला जोडलेला नंबर ह्यांच्याकडे असतो."

त्यांनी घरी फोन लावला. आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. यजमान म्हणाले, "आलाय. पण कशाला पाहिजे? कोणी मागितला? देऊ नको हं, आजकाल लोक फसवतात."

"अहो, मीच मागतेय," मॅडम म्हणाल्या.

"ते खरं, पण तुझ्या शेजारी कोण आहे?"

शेजारी आम्ही आठ जणी होतो. पहिली हसली ती मदतनीस, मग सतरंजी सगळी हसायला लागली, मग मॅडमही. पण त्यांचं हसू आमच्या आधी थांबलं. त्यांनी फोन ठेवला, टोकाच्या घरातलीकडे बघितलं आणि आमच्या बोलीत विचारलं, किती महिन्यांची पाकिटं अडली? तिनं बोटं दाखवली. बाळ पदराखाली पीत होतं, म्हणजे नुसतं ओढत होतं.

"माझ्याकडून काय पाहिजे तेवढं सांग," मॅडम मला म्हणाल्या.

चार ओळींचा कागद तयार होता, त्याला ग्रामसभेचा ठराव टाचलेला, सणाच्या रंगाचे डाग पडलेले अंगठे त्याच्यावर. त्या दिवशी मला वायफळ वाटलेले अंगठे आता कामाला आले. पाडाभर लोकांनी मागितलंय, हे कुणाला नाकारता येणार नव्हतं. मॅडमनी तिथंच त्याच्यावर शेरा लिहिला आणि पुढच्या मासिक बैठकीत अंगणवाड्यांच्या तालुक्याच्या साहेबांसमोर ठेवला. साहेब म्हणाले, वर विचारतो. मी दर सोमवारी मॅडमना फोन करायचे, फक्त एवढंच विचारायला की वरून काय आलं. माझ्याकडे त्यांचा तो जुनाच नंबर होता, त्यामुळे फोन यजमान उचलायचे. तीन सोमवार झाले तसे ते कंटाळले. चौथ्या सोमवारी मॅडमनी मला फोन केला, नव्या नंबरावरून. "हा माझा. माझ्याच हातात असतो. लिहून ठेव," म्हणाल्या. पुढच्या बैठकीत त्यांनी साहेबांना परत विचारलं. ज्येष्ठात पत्र आलं: ओटीपी न आल्यास वहीवर अंगठा, दोन साक्षीदार, वाटप थांबवू नये.

टॉवर आलेला नाही. रस्ता आहे तसाच आहे. बाकीच्या अकरा मागण्या कुठल्या फायलीत आहेत, देव जाणे. पण मी खूश आहे, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही. दुसऱ्या पाड्यांतल्या सेविका विचारायला येतात, कसं केलंस गं? मी त्यांना सांगते, एकच मागा, आणि सणाला बोलावू नका.

पत्र आलं त्याच दिवशी मी टोकाच्या घरी निरोप धाडला. ती आली, बाळ आता बाळसं धरू पाहणारं. वही पुढे केली, तिनं अंगठा उठवला. मदतनीस आणि हातपंपावर आलेली एक म्हातारी साक्षीदार. मी पाकिटं तिच्या हातात दिली आणि वही मिटली. ती तिथंच उभी.

"काय गं?"

"वाजला नाय अजून," ती म्हणाली.

फोन वाजेल, कोणी हो म्हणेल, मग जायचं, अशी तिला सवय झाली होती.

"आता काही वाजायचं नाही," मी म्हटलं. "तुझं आहे. घेऊन जा."

तिनं माझ्याकडे बघितलं, मदतनिसीकडे बघितलं. मग पायरीवर बसली, एक पाकीट दातांनी फाडलं आणि घरी न्यायच्या आधी चिमूटभर पीठ स्वतःच्या तोंडात टाकलं.