कंट्रोल के म्हणजे काडीमोड

सविताच्या घरी कॉम्प्युटर नाही, पण कीबोर्ड आहे. दुकानातून भंगारात निघालेला, एका बाजूला स्पेसबार खचलेला, वायर मुळाशी कापलेली. ओट्यावर गॅसपासून हातभर लांब तो ठेवलेला असतो. भाकरी तव्यावर पडली की सविताचा उजवा हात भाकरीवर आणि डावा कीबोर्डवर. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा तिच्या सासूबाई, धोंडाबाई, दारात पावटा सोलत बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "दोन म्हैनं झालं, ही पेटी वाजवती. पर पेटीतनं सूर काय निघत न्हाई."

सविता औंढ्याची, वय एकेचाळीस, शिक्षण नववी. आमचं घर तिच्या वाटेवर, त्यामुळे रोज सकाळी फाटकाशी दोन शब्द होतातच. लोणावळ्यात बाजारामागे राजेंद्रशेठचं फ्लेक्सचं दुकान आहे, तिथे ती तीन वर्षं कामाला. दुकानात कॉम्प्युटरवर फ्लेक्स तयार होतो, छापणारं मोठं मशीन मात्र घोरावाडीला. फाइल तिकडे जाते आणि छापलेली गुंडाळी लोकलने इकडे येते. ती उलगडायची, कडा दुमडायच्या, हातोडीने दोरी ओवायच्या रिंगा ठोकायच्या आणि मधल्या वेळात लोकांची कागदपत्रं लॅमिनेट करायची, हे सविताचं काम.

तिचं टेबल निलेशच्या पाठीमागे होतं. निलेश दुकानाचा डिझायनर, सव्वीस वर्षांचा, हाताला वेगवान. गिऱ्हाईक स्क्रीनकडे बघायचं. सविता तीन वर्षं त्याचा डावा हात बघत होती. तिच्या लक्षात आलं की उजवा हात नुसता फिरतो, खरं काम डावा करतो. दोन बोटं दाबली की एका फोटोचे दोन होतात, आणखी दोन दाबली की विखुरलेलं सगळं एकत्र होतं. एकदा तिने विचारलं तर निलेश हसून म्हणाला, "मावशी, ही इंग्रजी बोटं आहेत. तुमची हातोडीची."

हे मला सांगताना तिला राग आलेला दिसला नाही. पण त्याच आठवड्यात तो भंगारातला कीबोर्ड औंढ्याला आला.

नंतर ती माझ्याकडे एक वही घेऊन आली. निलेश कोणती बटणं दाबतो ती अक्षरं तिने चित्रासारखी काढून आणली होती. मी बी.ए. झालेली बाई, मोबाइलवर शोधून एकेक अर्थ सांगायला बसले. कंट्रोल धरून डी म्हणजे डुप्लिकेट, जी म्हणजे ग्रुप. ती शांतपणे ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी सगळं विसरून यायची. चौथ्या दिवशी म्हणाली, "वहिनी, तुमचे शब्द माझ्या बोटात उतरंना. माझेच लावते."

आणि लावले. डी म्हणजे दुसरा, एकासारखा दुसरा. जी म्हणजे गाठोडं. यू म्हणजे उकल, गाठोडं सोडायचं. नुसता पी दाबला की चित्र पानाच्या मधोमध जातं, तर पी म्हणजे पान. एल दाबला की दोन आकार जोडून एक होतात, ते लगीन. आणि के दाबला की जोडलेलं वेगळं होतं. तिथे तिने क्षणभरही विचार केला नाही. "काडीमोड," ती म्हणाली आणि लिहून टाकलं.

अडलं ते एका क्यूपाशी. निलेश फाइल पाठवण्याआधी शेवटी कंट्रोल क्यू दाबायचा, पण स्क्रीनवर काहीच हलायचं नाही. मोबाइलवर मला अर्थ सापडला तो असा की अक्षरांच्या वक्ररेषा होतात. तो मलाच कळला नाही, तिला काय सांगणार. म्हटलं, क्यू म्हणजे क्वीन, राणी लक्षात ठेव. ती म्हणाली, राणीचा आन् अक्षरांचा काय संबंध? शेवटी आम्ही दोघींनी ठरवलं की काम झाल्यावर मशीनला हात जोडायची निलेशची ही पद्धत असावी. क्यूसमोरची जागा वहीत रिकामी राहिली.

या जानेवारीत निलेशचं लग्न होतं, त्यासाठी तो दहा दिवस रजेवर निघाला. ऐन जत्रेच्या दिवसांत पुण्याहून कोणी यायला तयार होईना. सविता राजेंद्रशेठसमोर उभी राहिली आणि मी बसते म्हणाली. शेठ आधी हसले. निलेश जेवायला गेला की ती त्याच्या कॉम्प्युटरवर माउस आणि मराठी टायपिंग गिरवायची, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मग तिने तिथेच वाढदिवसाचा एक फ्लेक्स करून दाखवला, तेव्हा हसायचे थांबले. म्हणाले, "निलेश येईपर्यंत बसा, ताई. जमलं तर कायम बसा. नाही जमलं तर रिंगा आहेतच."

तिने वहीतलं पान फाडून भिंतीला चिकटवलं आणि खुर्चीत बसली. गिऱ्हाइकं ते पान वाचून हसायची. कुणी म्हणायचं, इथे लग्न जमवतात का मोडतात? सविता मान वर करत नसे.

तोवरची छोटी कामं दुकानातल्या साध्या प्रिंटरवरच निघाली होती. सातव्या दिवशी तिने घोरावाडीला पाठवलेला पहिला फ्लेक्स छापून आला, औंढ्याच्या जत्रेचा, मोठा. कुस्त्यांच्या आखाड्याचा, वर देवीचा फोटो आणि खाली छप्पन्न शुभेच्छुकांचे गोल चेहरे. मी त्या दिवशी आमच्या महिला मंडळाची पत्रिका घेऊन दुकानात गेले होते, म्हणून पुढचं माझ्या डोळ्यांदेखत झालं. फ्लेक्स फरशीवर उलगडला. फोटो झकास होते. नावांच्या जागी मात्र इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं. जत्रा कमिटीतले रखमाजी आबा चष्मा सावरत वाकले आणि बराच वेळ आपल्या फोटोखाली बघत राहिले. मग म्हणाले, "सविता, माझ्या खाली शून्य भागिले शून्य का लिवलंय गं?"

ती टक्क्याची खूण होती. सगळे हसले, राजेंद्रशेठ सोडून. त्यांनी निलेशला फोन लावून स्पीकरवर टाकला. मागे हळदीची गाणी वाजत होती. निलेशने एकच विचारलं, क्यू दाबला होता का? आपला मराठी फॉन्ट घोरावाडीच्या मशीनवर नाही. क्यू दाबला की अक्षर अक्षर राहत नाही, त्याचं चित्र होतं, मग कुठेही उघडा. नाही दाबला तर तिकडचं मशीन आपल्या मनाने वाचतं. तीन दिवसांनी आलो की करतो, असं म्हणून त्याने फोन ठेवला. जत्रा दोन दिवसांवर होती.

शेठ एक शब्द मोठ्याने बोलले नाहीत, पण त्यांनी ड्रॉवरमधून इंग्रजी शॉर्टकटचा एक छापील तक्ता काढला. म्हणाले, ताई, चूक झाली, होते. पण हे गावठी पान काढा आता, दुकानाची शोभा जाते. आणि तुम्ही रिंगा बघा, मी शेजारच्या गावातून कुणाला तरी बोलावतो. सविताची खुर्ची मागे ओढायला त्यांनी खुर्चीच्या पाठीला हातही लावला.

सविता उठली नाही.

"पान निघणार न्हाई, शेठ," ती म्हणाली. "पानात चूक न्हाई. एक शब्द कमी हाय, तो आत्ता लिहिते."

तिने पेन घेतलं आणि क्यूच्या रिकाम्या जागेत लिहिलं, कुलूप. अक्षरांना कुलूप. मला उगाच ओशाळल्यासारखं झालं. इतका सरळ शब्द, आणि मी तिला राणी दिली होती.

चूक एवढीच असती तर दोन मिनिटांचं काम होतं. पण कमिटीच ती. पुन्हा छापताच आहात तर, म्हणत रखमाजी आबांनी खिशातून चिठ्ठी काढली. राहिलेली अकरा नावं, त्यांचे फोटो मोबाइलवर, आणि पोलीस पाटलांचा फोटो दुसऱ्या ओळीतून पहिल्या ओळीत. म्हणजे सगळे गोल लहान करायचे, नव्याने मांडायचे. घोरावाडीच्या मशीनवाल्याने फाइल चारच्या आत मागितली होती. भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन झाले होते. शेठचा अंगठा मोबाइलवर कुणाचा तरी नंबर शोधत होता.

"मला कुणी शिकवू नका," सविता म्हणाली. "फक्त ही खुर्ची हलवू नका."

मग तिने डावा हात कीबोर्डवर ठेवला. ती काम करताना पुटपुटते, भाकरी करतानाही पुटपुटायची. उकल, म्हणाली आणि छप्पन्न चेहरे सुटे झाले. लहान केले. दुसरा, दुसरा, दुसरा, म्हणत रिकामे गोल अकरा वेळा उमटले आणि त्यांत मोबाइलवरचे फोटो बसले. नवी नावं तिने एकाखाली एक टाइप केली, सगळा एकच ठोकळा, आणि काडीमोड म्हटल्यावर प्रत्येक नाव सुटं होऊन आपापल्या फोटोखाली जायला मोकळं झालं. मागून कुणीतरी म्हणालं, पाटलांची काडीमोड जपून करा, तिसरी बायको हाय. हशा पिकला. सविताच्या बोटांना तो ऐकू गेला नाही. गाठोडं. पान. चार वाजायला सहा मिनिटं असताना ती थांबली, रखमाजी आबांना पुढे बोलावलं आणि त्यांचं नाव त्यांच्याकडूनच वाचून घेतलं. मग कुलूप. स्क्रीनवर काहीच हललं नाही. फाइल गेली.

संध्याकाळच्या लोकलने गुंडाळी आली. सविताने ती स्वतः उलगडली. सदुसष्ट नावं, सगळी मराठीत. रिंगाही तिनेच ठोकल्या, कारण ठोकणारं दुसरं कोणी नव्हतं.

चार दिवसांनी मी पत्रिका आणायला गेले तेव्हा निलेश परतला होता, हाताला मेंदी आणि पेढ्यांचा डबा. शेठ सविताला म्हणत होते की तुम्ही काम केलंत, मी मानलं, पण आता खरा माणूस आलाय, तर उठा.

"खरा?" सविता म्हणाली. "जमलं तर कायम बसा, हा शब्द तुमचा व्हता. जमलं." मग तिने निलेशकडे वळून सांगितलं की माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर खाली घ्या, चालतो तो, मी लावून बघितलाय. दोन माणसं, दोन खुर्च्या. "आन् रिंगा दोघं मिळून ठोकू. एक दिवस मी, एक दिवस तुमी."

निलेशने शेठकडे पाहिलं. शेठ भिंतीकडे बघत होते. तिथे त्यांचा इंग्रजी तक्ता लागला होता, पण उलटा, इंग्रजी बाजू भिंतीकडे. पाठीमागच्या कोऱ्या बाजूला सविताच्या अक्षरात दुसरा, गाठोडं, उकल, पान, लगीन, काडीमोड आणि कुलूप, आणि त्यावर चकचकीत प्लास्टिक. काढायचं म्हटलं तर आता फाडावंच लागलं असतं.

"हे लॅमिनेट कोणी केलं?" शेठनी विचारलं.

"हितं लॅमिनेशन मीच करते," सविता म्हणाली आणि माझ्या पत्रिकेची फाइल उघडायला घेतली.

पुढच्या बुधवारी मी पुन्हा गेले तेव्हा माळ्यावरचा कॉम्प्युटर खाली आला होता. त्याच्यासमोरची खुर्ची रिकामी होती. मागच्या टेबलाशी निलेश वाकून रिंगा ठोकत होता, मेंदी अजून उतरली नव्हती, आणि दर दोन रिंगांनंतर मान वर करून सविताच्या डाव्या हाताकडे बघत होता.