मातीला वाहिलेलं दूध

नवस, कौल, अंगारे यांवर माझा विश्वास नव्हता. वडील बाजारातून सुधारणेच्या पुस्तिका आणायचे, त्या वाचत मी वाढले. मराठी भाषेचं नवं राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती आणि गावातलं अज्ञान आपण बघता बघता हटवू, अशी माझी खात्री होती. पण आमची गाय मोरी आजारी पडली, तेव्हा घरातलंच एक माणूस मला हटवता आलं नाही. माझी आई.

मोरी नुकतीच व्यायली होती. तिच्या दुधावर माझी तान्ही भाची जगायची होती, कारण बाळंतपणात वहिनीला ताप भरला आणि तिला दूधच उतरलं नाही. अशात मोरीची कास सुजली. हात लावावा तर दगडासारखी कडक आणि गरम. धारेत आधी गुठळ्या आल्या, मग पिवळट पाणी, मग रक्ताची झाक. दूध निम्म्यावर आलं, बोटावर घेतलं तर खारट. मी तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी थनात सोडायचं औषध दिलं आणि बजावलं, की कास शेकायची, आतलं नासकं दूध पुन्हा पुन्हा पिळून टाकायचं. ते आत राहिलं तर चारही थनं जातील.

आमच्याकडे पद्धत अशी, की चीक संपला की पहिला तांब्या लोणारच्या देवीला जातो. त्याआधी दुधाचा थेंब जमिनीवर सांडायचा नाही. सांडला तर गाय आटते. पिळून टाकायचं हे ऐकताच आईने धारच बंद केली.

"ते देवीचं हाये," ती म्हणाली. "तिच्याआधी मातीत टाकशीन, तर मंग तुहं पुस्तक देईन का दूध?"

मी तिला रोगाचे जंतू समजावले, आवाज चढवला. ती गोठ्याच्या दारात बसून राहिली. भाची शेजारच्या चाचींच्या शेळीवर होती आणि ती शेळी आटत आली होती. आता आईला बाजूला ढकलून आत शिरायचं, एवढंच मी ठरवत होते.

त्या दुपारी लोणारची एसटी आमच्या फाट्यावर पंक्चर झाली. उतारूंपैकी एक म्हातारी पाणी मागत अंगणात आली. जळगाव जामोदहून देवीच्याच दर्शनाला निघालेली, पदरात ओटीचा नारळ. पाणी पिऊन तिने विचारलं, मायलेकी काऊन भांडून राह्यल्या वं? आईने डोळे पुसत सगळं सांगितलं. म्हातारी गोठ्यात जाऊन कासेवरून हात फिरवून आली, पाळण्यातली पोरगी पाहून आली.

"देवीले धड दूधच लागते, असं कोनं सांगतलं तुले?" ती आईला म्हणाली. "घरातलं दुखनं बी तिचंच हाये, माय. खड्डा खंद, अन् हे नासलेलं आंधी तिले वाह्य."

आईनेच उठून कुदळ घेतली आणि खड्डा खणला. मी पिळलं, म्हातारीने स्वतःच्या हातांनी पहिलं भांडं खड्ड्यात ओतलं. तेवढ्यात गाडीचा भोंगा वाजला आणि ती निघून गेली. नाव विचारायचं राहिलं.

त्यानंतर आम्ही दोघी हटलो नाही. शेक, औषध, साबणाने हात धुऊन धार, दुखरं थन सर्वांत शेवटी. प्रत्येक भांडं आई आधी हात जोडून मग मातीत ओतायची. सूज उतरली. औषध संपल्यावर दूध पाजायला डॉक्टरांनी हरकत नाही म्हटलं, आणि लोणारला जाऊन आल्यावर भाचीने ते पहिल्यांदा वाटीभर संपवलं.

पंक्चर हे पंक्चरच, त्यात देवीचा हात होता का यावर मी कुणाशी वाद घालणार नाही. पण माझ्याजवळ सगळं बरोबर असूनही जे दार उघडलं नाही, ते एका अनोळखी बाईच्या दयेने उघडलं. शरण जाणं म्हणजे हात बांधून बसणं, असं मी समजत होते. आई मात्र देवीवर भार टाकून कुदळ घेऊन उठली होती.

लोणारला मीही गेले होते. आमच्या तांब्यात तीनच थनांचं दूध होतं. चौथं, ते दुखरं, कायमचं आटलं. मी देवीपुढे डोकं टेकलं. चौथं मागावं, असं मनात आलं नाही.